थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

थायरॉइडची गोळी सुरू झाली की पहिली गदा येते ती सकाळच्या चहावर. थायरॉइड ग्रंथी कमी काम करण्याचा हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त. म्हणजे घरात जी सगळ्यांच्या आधी उठते, एका शेगडीवर दूध आणि दुसरीवर चहा ठेवून डब्याची कणीक मळायला घेते, तिलाच डॉक्टर सांगतात की गोळी रिकाम्या पोटी घ्या आणि तासभर काही खाऊ-पिऊ नका. तेवढा तास तिच्या सकाळीत सापडत नाही. पाण्याबरोबर गोळी, दहा मिनिटांत चहा, सोबत दोन बिस्किटं, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारं संप्रेरक, पुन्हा वाढलेलं. मग ५० ची गोळी ७५ ची होते. चहा किती वाजता घेता, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं.

ही अडचण चार-दोन घरांपुरती नाही. भारतातल्या आठ ठिकाणी झालेली एक मोठी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होते. ५,३६० प्रौढांची रक्ततपासणी झाली आणि त्यांतल्या जवळजवळ अकरा टक्के लोकांमध्ये थायरॉइड ग्रंथी कमी काम करत असल्याचं दिसलं. यांतल्या पुष्कळ जणांना गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती कधी घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

या औषधाची सुरुवात सुईने झाली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण बाईंवर उपचार केले. त्या पुढे २८ वर्षं जगल्या. लगेच पुढच्या वर्षी, ग्रंथी तोंडाने खायला दिली तरी गुण येतो, असं दिसून आलं. सुई गेली, औषध पोटातून जायला लागलं, आणि आतड्यात त्यातलं किती शोषलं जातं हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासोबत आहे. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळं केलं. आज मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच संप्रेरक, कारखान्यात तयार केलेलं.

या गोळीत औषध असतं मायक्रोग्रॅममध्ये. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. गोळी आधी जठरातल्या आम्लात विरघळते, मग लहान आतड्यात शोषली जाते. पोट रिकामं असेल तर साधारण साठ ते ऐंशी टक्के औषध रक्तात पोचतं. पोटात अन्न असलं की हे प्रमाण घसरतं, आणि मुळात मात्रा इतकी सूक्ष्म की थोडी घटही तपासणीत दिसते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी रक्तातल्या थायरॉक्सिनवर बारीक लक्ष ठेवून असते. ते जरा कमी पडलं की ती टीएसएच वाढवते.

काही पदार्थ तर थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. लोह त्यांपैकीच एक. १९९२ च्या एका अभ्यासात चौदा रुग्णांना थायरॉक्सिनच्या जोडीने लोहाची गोळी दिली, तेव्हा बारा आठवड्यांत त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. थायरॉक्सिनचा डोस तोच होता. कॅल्शियमचंही तेच, फक्त जोर थोडा कमी. दुधात कॅल्शियम असतंच. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की गोळीवर लगेच एस्प्रेसो कॉफी प्यायली तरी शोषण कमी होतं, आणि त्या कॉफीत दूध नसतं. आपला चहा भरपूर दुधाचा, त्यामुळे त्याला सूट द्यायला मला तरी काही कारण दिसत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवाव्यात, असा सल्ला दिला जातो.

गरोदर बाईच्या बाबतीत हे चार तास फार मोलाचे आहेत. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही घ्यायचं असतं. त्याच काळात थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांपासूनच वाढते, आणि बाळाच्या मेंदूची सुरुवातीची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून ‘एकदाच घेऊन टाक गं’ असं सासूबाई किंवा आई मायेनेच म्हणते. पण त्या वाटीतली लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीचं काम हाणून पाडत असते. औषधं लिहून देतानाच कोणती सकाळी, कोणती दुपारी, कोणती रात्री, हे सांगितलं जायला हवं.

आता पित्ताच्या गोळीकडे वळू. पँटोप्राझोलसारखी गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षं, कित्येकदा डॉक्टरांना न विचारताही, घेतली जाते. आणि तीही सकाळी उपाशीपोटी. एकाच रिकाम्या पोटावर दोन गोळ्या हक्क सांगतात. पित्ताच्या गोळीचं कामच जठरातलं आम्ल कमी करणं, आणि थायरॉइडच्या गोळीला विरघळायला तेच आम्ल हवं. लोहासारखं चार तासांचं अंतर इथे पुरत नाही, कारण आम्ल दिवसभर कमी राहतं. जठराच्या विकारांचाही असाच परिणाम होतो. २००६ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जठराला हेलिकोबॅक्टर जंतूमुळे सूज आलेल्या किंवा जठराचं अस्तर झिजलेल्या रुग्णांना थायरॉक्सिनची मात्रा २२ ते ३४ टक्के जास्त लागत होती. डोस वाढत चाललाय आणि टीएसएच मात्र हटत नाही, असं असेल तर पित्ताची गोळी चालू आहे का आणि ती खरंच हवी आहे का, हे डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावं.

मग गोळी रात्री घेतली तर? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये याचं उत्तर फार काटेकोरपणे शोधलं. १०५ रुग्णांना रोज दोन कॅप्सूल दिल्या, एक सकाळी आणि एक झोपताना. एकीत औषध, दुसरी पोकळ. कोणती खरी हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. तीन महिन्यांनी अदलाबदल. शेवटपर्यंत टिकलेल्या ९० जणांच्या तपासणीत रात्रीच्या औषधाने टीएसएच सरासरी १.२५ ने खाली आला, म्हणजे औषध जास्त शोषलं गेलं. रात्री आतड्याची हालचाल मंदावते आणि जठरात आम्ल जास्त पाझरतं, ही त्याची संभाव्य कारणं. थकवा आणि इतर तक्रारींत मात्र काही फरक पडला नाही. रोहतकच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये भारतीय रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही संध्याकाळची गोळी सकाळच्या गोळीइतकीच गुणकारी ठरली.

अमेरिकेतला २००९ चा एक अभ्यास मात्र सकाळच्या बाजूने बोलतो. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने टीएसएच सरासरी १.०६ राहिला, झोपताना घेतल्यावर २.१९ आणि नाश्त्याबरोबर घेतल्यावर २.९३. तिन्ही आकडे तसे मर्यादेतलेच, पण नाश्त्याबरोबरची गोळी शेवटच्या क्रमांकावर. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना दोन्ही वेळा मान्य करतात: नाश्त्याच्या तासभर आधी, किंवा रात्री जेवणानंतर निदान तीन तासांनी.

माझं मत स्पष्ट आहे. कुठली वेळ श्रेष्ठ यावर वाद घालत बसण्यापेक्षा, गोळी घेणाऱ्या बाईच्या दिवसात पोट खरोखर रिकामं असलेला तास कोणता, हे तिच्यासोबत बसून शोधावं. साडेसातला जेवण आणि अकराला झोप असेल, तर रात्रीची गोळी तिला तिचा सकाळचा चहा परत देईल. नवरा उशिरा येतो म्हणून जेवायलाच दहा वाजतात आणि साडेदहाला पाठ टेकते, तिच्या पोटात रात्री अन्न असतं. तिला पहाटच बरी. रात्रपाळीच्या नर्सला ‘सकाळी उठल्यावर’ या सूचनेचा उपयोगच नाही, तिने आपल्या झोपेप्रमाणे वेळ ठरवावी. आणि झोपताना कॅल्शियम घेणाऱ्या आजींना रात्रीची गोळी सुचवताना ते कॅल्शियम दुपारच्या जेवणाकडे सरकवायला विसरू नये.

वेळ एकदा ठरली की ती पाळायची. पण एखादा दिवस चुकला म्हणून घाबरून जाऊ नये. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. गच्चीवरची टाकी भरलेली असली की एका दिवसाचं पाणी आलं नाही तरी नळ कोरडे पडत नाहीत, तसंच हे. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घेऊन टाकावी. चतुर्थी-एकादशीला ‘उपास मोडेल’ म्हणून गोळी सोडण्याचं तर कारणच नाही. ती पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि त्या दिवशी पोट आयतंच रिकामं असतं. बाटली शेगडीजवळच्या फळीवर मात्र ठेवू नये, कारण उष्णता, उजेड आणि दमट हवा या तिन्हींनी हे औषध खराब होतं.

वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगूनच. ज्यांचा डोस चहा-नाश्त्यामुळे वाढत गेलेला असतो, त्यांनी गोळी नीट रिकाम्या पोटी घ्यायला सुरुवात केली की तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं ही त्याची लक्षणं. वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. तोही दर वेळी साधारण एकाच सुमारास, कारण टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. सकाळी आठचा आकडा दुपारी दोनच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. सकाळी गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी आधी रक्त द्यावं आणि मग गोळी घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास रक्तातलं थायरॉक्सिन तात्पुरतं वर जातं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते निदान दोन दिवस आधी थांबवावं. त्याने काही प्रयोगशाळांमधल्या चाचणीचे आकडे चुकीचे येतात.