नवी सून आणि बेकारी भत्ता

वाचकहो, अशी कल्पना करा की वैशाखात लग्न झालेली एकोणीस वर्षांची मुलगी जामखेडकडून पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी नांदायला आली आहे. घरची जमीन कोरडवाहू. पाऊस लांबला आहे. शेजारच्या बाया बांधबंदिस्तीच्या कामावर निघाल्या, तशी हीही निघाली. मुकादमाने विचारले, "बाई, तुमचं नाव कुठंय?" नाव होते माहेरच्या कार्डावर. "मग माहेरीच काम मागा," असे उत्तर मिळाले, आणि ती मुकाट्याने घरी परतली.

हे उत्तर बरोबर होते काय? आणि काम नाही तर नाही, पण बेकारीचा भत्ता तरी तिला मागता येतो काय? आज याच दोन प्रश्नांचा विचार करू.

बेकारी भत्ता म्हटले की पुष्कळांना विलायतेची आठवण होते. तिथे १९११ च्या कायद्याने काही धंद्यांतल्या कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी वर्गणी भरायची, आणि काम सुटले की त्यातून कामगाराला पैसे मिळायचे. यात एक गोष्ट उघड आहे. ज्याने वर्गणी भरली त्याचाच हक्क. परगावाहून किंवा परदेशातून नुकतीच आलेली बायको अशा विम्यापुढे रिकाम्या हातानेच उभी राहते, कारण तिच्या नावावर वर्गणी नसते.

आपल्याकडची रीत निराळी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याने खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा पाहिल्या. त्या काळातच ही योजना राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. म्हणजे वर्गणी भरली ती शहरातल्या पगारदाराने, आणि हक्क मिळाला खेड्यातल्या मजुराला. मजुराला कायद्याने तीनच गोष्टी विचारल्या: तू इथे राहतोस का, तू सज्ञान आहेस का, आणि अंगमेहनतीचे काम करायला तयार आहेस का? किती वर्षे राहतोस, हे विचारलेच नाही.

पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. त्यात 'कुटुंब' कशाला म्हणायचे हे सांगितले आहे, आणि आपल्या सुनेचे सारे प्रकरण त्या व्याख्येत आहे. रक्ताने, विवाहाने वा दत्तकाने जोडलेली, एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी किंवा एकाच शिधापत्रिकेवर असलेली माणसे म्हणजे कुटुंब. यातला 'विवाहाने' हा शब्द नीट ध्यानात घ्या. सून सासरी येऊन राहिली, त्या चुलीवर जेवू लागली, की ती त्या कुटुंबाची झाली. शिधापत्रिकेवर नाव चढायला उशीर झाला, तेवढ्याने हक्क बुडत नाही. तेव्हा मुकादमाचे उत्तर चुकीचे होते. मात्र एकाच माणसाचे नाव दोन कार्डांवर चालत नाही. म्हणून माहेरचे नाव कमी करून घ्यावे आणि सासरच्या कार्डावर चढवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा. १८ वर्षे पुरी असावीच लागतात. त्याआधी कार्डावर नाव नाही, आणि कायद्याने मुलीचे लग्नही नाही.

आता भत्त्याकडे वळू. इथेच पुष्कळांची फसगत होते. कार्ड मिळाले म्हणजे भत्ता सुरू झाला, असे नव्हे. आधी काम मागावे लागते, तेही लेखी. आपल्या राज्यात त्यासाठी 'नमुना ४' हा अर्ज असे. अर्ज पोचल्यापासून, किंवा ज्या दिवसापासून काम मागितले त्या दिवसापासून, यांतले जे नंतरचे असेल तिथून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर भत्त्याचा हक्क उत्पन्न होतो. २००५ च्या कायद्याप्रमाणे पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथाई आणि त्यापुढे निदान निम्मी रक्कम द्यायची होती. हिशेबाच्या सोयीसाठी मजुरी रोज ३०० रुपये धरा. तर पहिले ३० दिवस रोजचे ७५, म्हणजे २,२५० रुपये. पुढे रोजचे १५०.

सुनेच्या दृष्टीने आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, केंद्राच्या कायद्यातले दिवस माणशी नसून कुटुंबाचे असतात. सून आली म्हणून १०० चे २०० होत नाहीत. दिवस वाटून घ्यावे लागतात, आणि भत्ताही कुटुंबाचा एकत्रितच ठरतो. दुसरी, मागितलेली मुदत संपली आणि घरातले कोणी कामावर आलेच नाही, तर भत्त्याची जबाबदारी आटोपते. म्हणून चौदाच दिवस न मागता, गरज असेल तितके दिवस अर्जात लिहावेत. तिसरी, काम दिले असता ते नाकारले, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, आणि शेतीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी साठ दिवस कामे थांबवण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता हे तत्त्व मात्र त्यानेही सोडलेले नाही.

आता कोणी म्हणेल, "हे सगळं कागदावरचं झालं. भत्ता मिळालेला माणूस दाखवा!" शंका रास्त आहे. २००५ च्या कायद्यात मजुरीचा भार केंद्रावर होता, पण भत्त्याचा भार राज्यावर. म्हणजे भत्ता देणे ही यंत्रणेला आपली चूक कबूल केल्यासारखे वाटते. त्यामुळे अर्ज तोंडी घेतला जातो, किंवा तारीख न घालता ठेवला जातो. तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कुठून? म्हणून या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल, तर तारीख घातलेली पोच. ती कायद्याने मिळते. ती घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये. पोच मिळेनाच, तर तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. लग्नानंतर नाव बदलते. पण आधार कार्डावर माहेरचे नाव, रोजगार कार्डावर सासरचे, असा घोळ राहिला तर केलेल्या कामाची मजुरीही अडकते. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जाऊ लागली. तेव्हा दोन्हीकडे एकच नाव ठेवा, आणि खाते सुनेच्या स्वतःच्या नावाने उघडा.

वाचकहो, तुमच्या घरी नवी सून आली असेल, तर ओटी भरून झाल्यावर आणखी एवढे करा. तिला ग्रामपंचायतीत घेऊन जा आणि तिचे नाव कार्डावर चढवा. पाऊस पडला तर ते कार्ड पेटीत राहील, आणि नाही पडला तर त्याच्या जोरावर तिला हक्काने काम मागता येईल.