बाथरूम मोठं करायचंय? भिंत तोडण्याआधी काय पाहावं, ठेकेदार कसा पारखावा

मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, मीरा रोड किंवा पुण्यातला कोंढवा, कुठल्याही जुन्या इमारतीत जा. दोन खोल्यांच्या घरात चार बाय चारची मोरी आणि तिला लागून तीन बाय चारचा संडास, हा नकाशा ओळखीचा वाटेल. घर घेतलं तेव्हा दोन माणसं होती, आता सहा-सात आहेत. दादीचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. मग घरात विषय निघतो, की बाथरूम मोठं करून घेऊ, कमोड बसवू.

निर्णय योग्यच आहे. पण घराच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त भांडणं याच कामातून होतात. खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते, सोसायटीची नोटीस येते, ठेकेदार अर्धं काम टाकून फोन उचलेनासा होतो. तो ठेकेदार बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीचाच असतो, त्यामुळे पैशांबरोबर नातंही जातं. म्हणून काम काढण्याआधी काय ठरवावं, हे आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

जागा कुठून आणणार?

बाथरूम वाढवण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, मोरी आणि संडासामधली भिंत काढून दोन्ही एक करणं. दुसरा, शेजारच्या बेडरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये दोन-तीन फूट सरकणं.

पहिला मार्ग सोपा आणि स्वस्त आहे, कारण दोन्ही जागा आधीपासूनच पाण्याच्या आहेत. बऱ्याच इमारतींत तिथला स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो आणि पाइप त्या खड्ड्यातून जातात. वर सांगितलेल्या मापाच्या दोन खोल्या एक केल्या, तर भिंतीची जाडी धरून साडेएकोणतीस चौरस फूट मिळतात. राष्ट्रीय इमारत संहितेत संडास आणि स्नानगृह एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर, म्हणजे साधारण 30 चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे एक भिंत गेली की आपण त्या मापाच्या अगदी जवळ पोहोचतो.

मात्र एक गोष्ट आधी घरच्यांशी बोलून घ्या. दोन वेगळ्या खोल्या असल्या की सकाळी एकाच वेळी दोघांची सोय होते. एक केल्या की फजरच्या वेळी आणि मुलांच्या शाळेच्या वेळी दाराबाहेर रांग लागेल. माणसं जास्त असतील तर खोल्या वेगळ्याच ठेवून संडासात कमोड बसवणं आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये आणणं जास्त सोयीचं ठरतं. बेसिन बाहेर असलं की कमोडच्या खोलीत वजू करावा लागत नाही, हाही फायदा आहे.

दुसरा मार्ग निवडण्याआधी मात्र थांबा. बेडरूमचा स्लॅब खाली घेतलेला नसतो. तिथे पाइप टाकायचा आणि त्याला ढाळ द्यायचा, तर जमीन आठ-नऊ इंच उचलावी लागते. ही भर विटांच्या तुकड्यांची आणि कोब्याची असते. नऊ इंच भर म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण 350 ते 400 किलो वजन. राहत्या खोलीचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरला जातो. नुसती भरच त्याच्या जवळपास दुप्पट होते. इमारत 25-30 वर्षांची असेल तर हा विषय मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा आणि त्याचं मत लेखी घ्या. त्याची फी पूर्ण खर्चाच्या मानाने फार नसते.

त्यात खाली शेजाऱ्याचं स्वयंपाकघर किंवा झोपायची खोली असेल तर त्यांच्या डोक्यावर तुमचं संडास येणार. नियमांचा प्रश्न आहेच, शेजारधर्माचाही आहे. शक्य असेल तर कमोड जुन्याच जागी ठेवा आणि वाढीव जागेत बेसिन, कपाट किंवा कोरडी जागा घ्या.

कॉलम, बीम आणि स्लॅबला कुठल्याही परिस्थितीत हात लावू नका. बाहेरच्या डक्टमध्ये बाथरूम सरकवायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. ती जागा सगळ्या इमारतीची असते.

परवानगी

गृहनिर्माण सोसायटीत राहत असाल तर फ्लॅटमध्ये फेरबदल करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी लागते. तुमच्या बाथरूममधून गळती झाली तर दुरुस्तीचा खर्चही आदर्श उपविधींप्रमाणे सभासदावरच येतो. अर्जासोबत साधा नकाशा जोडा: आज काय आहे, काय तुटणार, पाइप कुठून जाणार. भिंत हलवायची असेल तर महापालिकेची परवानगी लागते का, हे वॉर्ड ऑफिसमध्ये किंवा आर्किटेक्टकडे विचारून घ्या. घर भाड्याचं किंवा पागडीचं असेल तर मालकाची संमती आधी.

आणखी एक काम करा. तोडफोड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी खालच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा. पुढे ओल आली तर ती जुनी की नवी, यावरून वाद होणार नाही.

नकाशा ठरवताना

किब्ल्याचा विचार कमोडचा पाइप बसवण्याआधी व्हायला हवा, नंतर नाही. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला आहे. म्हणून कमोड उत्तर-दक्षिण बसवला की तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येत नाही. प्लंबरला हे भिंतीवर खडूने काढून दाखवा, कारण तो पाइपच्या सोयीने कमोड लावणार.

बुजुर्गांसाठी दार शक्यतो बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं आणि मदत पोहोचत नाही. व्हीलचेअर येण्याची शक्यता असेल तर दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, म्हणजे तीन फूट धरा. कमोडशेजारी पकडायला दांडी लावायची असेल तर ती टाइल्सवर नव्हे, भक्कम भिंतीत बसली पाहिजे. वजूसाठी बसायचा छोटा कट्टा आणि खाली नळ हवा असेल तर तोही आत्ताच सांगा. जमिनीच्या टाइल्स खरखरीत घ्या. चकचकीत टाइल दुकानात छान दिसते, ओल्या पायाला घसरते.

गिझरची वायर वेगळी, अर्थिंग नीट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

ठेकेदार कसा शोधायचा?

आपल्याकडे ठेकेदार मोहल्ल्यातून, नातेवाइकांतून किंवा मशिदीबाहेरच्या गप्पांतून मिळतो. ही पद्धत वाईट नाही. फक्त "माणूस चांगला आहे" एवढ्यावर थांबू नका. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं बाथरूम पाहायला मागा. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं, गळती कळते दोन पावसाळ्यांनंतर. त्या घरच्यांना तीन प्रश्न विचारा: ठरलेल्या रकमेपेक्षा किती जास्त गेले? काम किती दिवस लांबलं? नंतर तक्रार केली तेव्हा तो आला का? जमलं तर त्यांच्या खालच्या मजल्यावरही विचारा.

तिघांकडून कोटेशन घ्या, पण यादी तुमची द्या. नाहीतर एकाने वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं, दुसऱ्याने नाही आणि दुसरा उगाच स्वस्त वाटतो. यादीत हे सगळं यायला हवं:

- तोडफोड आणि डेब्रिज उचलून नेणं
- वॉटरप्रूफिंग, कुठल्या मटेरियलचं आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत
- पाइप, नहाणी ट्रॅप, नळ आणि कमोड, कंपनीच्या नावासकट
- टाइल्स कोण आणणार, तुम्ही की तो
- इलेक्ट्रिकचं काम
- दर मजुरीचा की मालासकट, आणि जीएसटी धरून की वेगळा

सगळ्यात कमी आकडा देणाऱ्याला एकच विचारा: "यात काय धरलेलं नाही?" प्रामाणिक माणूस लगेच सांगतो.

ओळख असली तरी लिहून घ्या

"आपलाच माणूस, कागद कशाला?" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. कुरआनमधली सर्वात लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, हे त्यावरून समजावं. दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या की नातं तुटतं, आणि कागद ते वाचवतो. साध्या कागदावर कामाची यादी, रक्कम, किती दिवसांत, पैसे कधी आणि गळती निघाली तर किती वर्षांपर्यंत फुकट दुरुस्ती, एवढं लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या.

पैसे टप्प्याने द्या. समजा काम दोन लाखांचं आहे. सुरुवातीला 40 हजार, पाइप आणि वॉटरप्रूफिंगची चाचणी झाल्यावर 60 हजार, टाइल्स लागल्यावर 60 हजार, फिटिंग झाल्यावर 20 हजार आणि उरलेले 20 हजार महिनाभर वापरून पाहिल्यावर. रक्कम चेकने किंवा यूपीआयने द्या. अर्धे पैसे आधी मागणाऱ्यापासून सावध राहा. पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. ठेकेदाराला रोजच्या मजुरांना द्यायचं असतं. मजुराचा मोबदला अडवू नये, ही शिकवण आपल्याला आहेच. आणि मधेच वाढीव काम सांगितलं तर त्याचा दर तिथेच ठरवून लिहा.

चाचणी सोडू नका

टाइल्स लावण्याआधी दोन चाचण्या होतात. पाइपमध्ये दाबाने पाणी भरून सांधे तपासायचे. मग वॉटरप्रूफिंग सुकल्यावर ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी साठवायचं, किमान 48 तास, आणि खालच्या घरी जाऊन छत पाहायचं. त्याच वेळी पाइपांचे फोटो, टेप लावून मापासकट काढून ठेवा. पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतात. टाइल्स लागल्या की बादलीभर पाणी ओतून पाहा. पाणी कोपऱ्यात न थांबता जाळीकडे गेलं पाहिजे. पाच फुटांना एक इंच ढाळ सहसा पुरतो.

"रमजानच्या आत उरकून द्या" अशी घाई केली की नेमकी हीच चाचणी गाळली जाते. म्हणून रमजान किंवा पावसाळा तोंडावर असताना काम काढू नका. ईदला आणि होळीला कारागीर गावी जातात, तेही धरून चाला. पंधरा-वीस दिवस घरच्यांची, विशेषतः बायकांची आणि बुजुर्गांची सोय कुठे होणार, हे पहिला हातोडा पडण्याआधी ठरलेलं असावं.

तरीही फसवणूक झाली तर?

आधी लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, फोटोसह. मोहल्ल्यातल्या जबाबदार माणसांना मध्ये घालून तडजोड झाली तर उत्तम. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तिथे पहिला प्रश्न येईल तो कागदाचा आणि पैसे दिल्याच्या पुराव्याचा. तो कागद काम सुरू होण्याआधीच तयार असेल, तर बहुतेक वेळा आयोगापर्यंत जायची वेळच येत नाही.