वेगाच्या तराजूत दीर्घिका

शाळेत आपण सूर्यमालेचा एक नियम शिकलो : ग्रह सूर्यापासून जितका दूर, तितका त्याचा वेग कमी. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरच्या नेपच्यूनचा वेग जेमतेम साडेपाच किलोमीटर भरतो. कारण सूर्यमालेचे जवळजवळ सर्व वस्तुमान सूर्यात एकवटले आहे. म्हणजेच फिरण्याचा वेग कळला, की आतल्या वस्तुमानाचा हिशेब मांडता येतो. खगोलशास्त्राचा हा तराजूच होय.

हा तराजू व्हेरा रुबिन यांनी देवयानी दीर्घिकेला लावला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागाची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. रुबिन यांनी अन्यत्र शिक्षण पूर्ण केले आणि केंट फोर्ड यांच्यासमवेत १९७० मध्ये देवयानीतील वायुमेघांचे वेग प्रसिद्ध केले. दीर्घिकेच्या कडेला तारे विरळ. तेव्हा तेथील वेग घटावयास हवा होता. तो फारसा घटला नाही. पुढे अनेक दीर्घिकांत हेच आढळले. म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञांनी अनुमान काढले, की दीर्घिकेभोवती प्रकाश न देणाऱ्या कृष्णद्रव्याचे विशाल आवरण असावे.

परंतु अनुमानाचीही परीक्षा व्हावी लागते. १९७७ मध्ये टली व फिशर यांनी दाखविले, की दीर्घिका जितकी तेजस्वी, तितकी ती वेगाने फिरते. ताऱ्यांसोबत वायूचे वस्तुमानही धरल्यास हा संबंध अधिक नेमका होतो : वेग दुप्पट, तर वस्तुमान सुमारे सोळापट. मग प्रश्न उभा राहतो : कडेचा वेग कृष्णद्रव्य ठरवीत असेल, तर तो दृश्य द्रव्याशी इतका काटेकोर का जुळावा? मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळे उत्तर सुचविले. त्यांच्या मते कृष्णद्रव्याची गरज नाही. गुरुत्वाकर्षण अतिक्षीण होते तेथे न्यूटनचा नियमच बदलतो. सोळापटीचे गणित त्यातून थेट निघते. मात्र दीर्घिकांच्या समूहांत हा सिद्धांत तोकडा पडतो; तेथे न दिसणारे द्रव्य मानल्यावाचून हिशेब जुळत नाही. उलटपक्षी, कृष्णद्रव्याचा एकही कण अद्याप प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही.

हा वाद मोजमापानेच मिटेल. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडद परिसरात पसरलेली तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण हायड्रोजनच्या लहरी टिपते. दीर्घिकांचे वेग अशाच लहरींवरून कळतात. पालकांनी ती आपल्या मुलामुलींना अवश्य दाखवावी. उद्या हे वेग मोजणाऱ्यांत आपल्याही लेकी असाव्यात आणि त्यांच्यासाठी कोणतेही दार बंद नसावे, अशी आमची मनीषा आहे.