पुण्यात बिऱ्हाड आणताय? आधी कागद बघा, घर नंतर



मे महिना आला की आमच्या फोनवर एकच प्रश्न येतो : "पुण्याला यायचंय, एखादी रूम बघा ना." फोन कधी बीडचा असतो, कधी उदगीरचा, कधी सोलापूरचा, कधी चिपळूणकडचा. पोराला कंपनीत नोकरी लागलेली असते, नाहीतर मुलीला कॉलेजात ॲडमिशन मिळालेलं असतं, आणि आता अम्मी-अब्बांसकट सगळं घर हलणार असतं.

आम्ही लातूरहून आलो तेव्हा आमचंही असंच झालं. आधी खोली शोधली, डिपॉझिट दिलं, टेम्पो बोलावला. कागदांचा विचार नंतर. घराचा करार साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतला होता. धाकट्यासाठी आरटीईचा फॉर्म भरायला गेलो तर तो करार चाललाच नाही, आणि जातीचा दाखला गावाकडे काढायचा राहून गेलेला. त्या वर्षीची जागा हातची गेली आणि खाजगी शाळेची फी भरावी लागली. चूक आमचीच होती, पण कुणी आधी सांगितलं असतं तर झाली नसती. म्हणून हे लिहितोय.

गाव सोडण्याआधी

पुण्यात आल्यावर जे काम पाच चकरा मारून होतं, ते गावात एका चकरेत होतं. म्हणून सामान बांधायच्या आधी तीन गोष्टी करा.

पहिली, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला. तो हातात घेतल्यावर घडी घालून ठेवू नका, तिथेच उभं राहून वाचा. आपल्या नावांची फार गंमत होते. आधारवर 'मोहम्मद', शाळेत 'महंमद', जन्मदाखल्यावर नुसतं 'मो.'. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटली की तेच काम अवघड होऊन बसतं आणि दहावीनंतर तर त्याचा फारच त्रास होतो. जन्मतारीख आणि नाव तिन्ही कागदांवर सारखं आहे ना, एवढं बघाच.

दुसरी, जातीचा दाखला. महाराष्ट्रात बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मण्यार अशा बऱ्याच मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण हा दाखला तुम्ही आज राहता त्या शहरातून मिळत नाही. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या दिवशी तुमचे वडील किंवा आजोबा जिथले कायमचे रहिवासी होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. पुरावाही तिथलाच लागतो : आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुना महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी. हे सगळं गावातल्या शाळेच्या आणि तहसीलच्या दप्तरात आहे, पुण्यात नाही. दादा-नानांच्या ओळखीची माणसं गावात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

तिसरी, रेशन कार्ड. गावातलं नाव घाईने कमी करू नका. अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं कार्ड असेल तर अंगठा लावून पुण्यातल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. एक देश एक रेशन कार्ड योजनेत राज्याबाहेरच्या दुकानातही धान्य घेण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या जोड्यांपासून सुरू झाली, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. आधार जोडणी आणि ई-केवायसी मात्र घरातल्या प्रत्येकाची झालेली हवी. पत्ता बदलायचं काम पुण्यात स्थिर झाल्यावर सावकाश करता येतं.

कुठला भाग?

आपल्यात पद्धत अशी की खालाचं घर कोंढव्यात, म्हणून आपलंही कोंढव्यात. नातेवाईक जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण पुणे आता लांबच लांब पसरलंय. नोकरी हिंजवडीला आणि घर कोंढव्यात असेल तर शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रोज जाणं-येणं करावं लागतं. अब्बा मगरिबला घरी नाहीत, इशालाही नाहीत, असं होतं.

आपली वस्ती एकाच ठिकाणी नाही हे नवीन माणसाला माहीत नसतं. गंज पेठेतला मोमीनपुरा, भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्प हा जुना भाग. मशिदी, बाजार, आझम कॅम्पसच्या शाळा-कॉलेजं, ससून हॉस्पिटल, रेल्वे स्टेशन, सगळं जवळ. पण घरं जुनी, लहान आणि पार्किंगची बोंब. कोंढव्यात मिठानगर, भाग्योदयनगर, कौसरबाग या भागात फ्लॅट जास्त, आपले लोक जास्त. हडपसरच्या बाजूला सय्यदनगर आहे. खडकी, येरवडा, पिंपरीकडे नेहरूनगर, कासारवाडी इथेही आपली घरं आहेत.

मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत धावते. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी हे दोन मार्ग सिव्हिल कोर्टला मिळतात. कोंढवा यातल्या कुठल्याच मार्गावर नाही, तिथून पीएमपीची बस नाहीतर स्वतःची गाडी. म्हणून नोकरीची जागा आणि मुलांची शाळा यांच्यामध्ये रेघ ओढा आणि त्या रेघेच्या आसपास घर बघा. खालाकडे रविवारी जाता येतं.

घर बघायला जाताना आणखी एक प्रश्न नक्की विचारा : महापालिकेचं पाणी किती वेळ येतं? कोंढवा, उंड्री, एनआयबीएम रोडच्या बऱ्याच इमारती टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे आधीच बोलून घ्या.

"नाव काय तुमचं?"

आता जे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी लिहीत नाही, ते. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, आणि मग नाव विचारतात. नाव सांगितलं की "जरा घरात विचारून सांगतो". पुन्हा फोन येत नाही. आमच्या बाबतीतही दोनदा झालं. मुलांसमोर झालं याचं जास्त वाईट वाटलं.

यावर आमचा अनुभव एवढाच : नाव पहिल्याच वाक्यात सांगा. ज्याला द्यायचं नाही तो तिथेच थांबेल, तुमची रविवारची चक्कर वाचेल. ज्याला द्यायचंय तो घर दाखवेल. देणारेही पुष्कळ आहेत. आम्हाला शेवटी जे घर मिळालं ते एका ब्राह्मण आजींचं, आणि पहिल्या ईदला शीरखुर्मा न्यायला उशीर झाला तर त्यांनीच हाक मारली.

कधी मालक तयार असतो पण सोसायटीचे लोक अडवतात. अशा वेळी हे माहीत असू द्या : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपलं घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. मालकाला हे शांतपणे सांगा, त्यांच्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारलेत का ते त्यांना बघू द्या. भांडण आपण करायचं नाही, ते घर त्यांचं आहे.

आणि मुलांना हेही सांगा की याच शहरात १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. पुण्यात आपण काही नवखे नाही.

अकरा महिन्यांचा कागद

महाराष्ट्रात भाड्याचं घर बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर मिळतं. अकरा महिनेच का? देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नाही, म्हणून ती सवय पडली. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. दुसरी बाजूही लक्षात ठेवा : मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. महिना १२,००० भाडं असेल तर अकरा महिन्यांचे १,३२,००० होतात, त्यावर ३३० रुपये. डिपॉझिटमुळे थोडी भर पडते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, आम्ही फसलो ते इथेच. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देता येते. मालकाने दिली का ते विचारा आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा.

विकत घ्यायची घाई नको

गावची जमीन विकून किंवा दागिने मोडून आलेला पैसा हातात असतो आणि एजंटही लगेच भेटतात. "पंधरा लाखात फ्लॅट, कागद नंतर होतील." शहराच्या कडेला अशा बऱ्याच इमारती आहेत ज्यांना महापालिकेची बांधकाम परवानगीच नाही. अख्ख्या आयुष्याची कमाई अशा भिंतीत अडकते.

निदान एक वर्ष भाड्याने राहा. मग घ्यायचंच असेल तर चार कागद मागा : सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, आणि आधीच्या व्यवहाराचं इंडेक्स टू. नवीन प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर महारेरात नोंद लागते. २०१७ पासून ती ऑनलाइन बघता येते. फी घेऊन कागद तपासणारा वकील महाग वाटला तरी स्वस्त पडतो. कर्जाचा आणि व्याजाचा प्रश्न तुमच्या आलिमांना विचारा. पण कागदाचा प्रश्न वकिलालाच विचारा.

मुलांची शाळा

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळा बदलायचा हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पुणे महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या आहेत. मूल गावात मराठीत शिकत असेल तर पुण्यात आलो म्हणून सातवीत एकदम माध्यम बदलू नका. पहिली दुसरीत बदललं तर चालतं, मोठ्या मुलाला ते जड जातं.

आरटीईच्या २५ टक्के जागा फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी असतात आणि अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा नियम लागू नाही. खुल्या गटाला उत्पन्नाची अट एक लाखाची आहे. ओबीसींना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. भाडेकरूंना रहिवासी पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. गावचा जातीचा दाखला आणि पुण्याचा नोंदणी केलेला करार, दोन्ही हातात असतील तरच तुमचं मूल सोडतीत बसतं. म्हणून आम्ही आधी कागद म्हणतो.

घर लागल्यावर

पहिल्या जुम्याला जवळच्या मशिदीत जा आणि नमाजनंतर जमातीच्या लोकांना भेटा, नाव नोंदवा. मक्तब किती वाजता, मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, हे तिथेच कळतं. आणि सांगायला नको वाटतं, पण घरात म्हातारं माणूस असेल तर कुठलं कब्रस्तान, कुणाला फोन करायचा, हे आधी विचारून ठेवा. रात्री दोन वाजता विचारायची वेळ येऊ नये.

बायकांकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पुरुष कामावर, मुलं शाळेत, आणि गावात दहा घरांत बसणं-उठणं असलेली बाई तिसऱ्या मजल्यावर एकटी. आमच्या घरात अम्मी पहिले तीन महिने रोज गावाला जायचं म्हणायच्या. नंतर शेजारच्या इमारतीत बायकांचा कुरआनचा दर्स सापडला आणि त्यांचं मन लागलं. शेजारी हिंदू असो, ख्रिश्चन असो, दार आपणच आधी वाजवायचं.

शेवटचं काम मतदार यादीचं. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो. फॉर्म ६ नवीन मतदारांसाठी आहे. आधारवरचा पत्ता बदलला की हेही त्याच आठवड्यात करा.

आता कुणाचा रूमसाठी फोन आला की आम्ही आधी विचारतो, "दाखले काढले का?" समोरचा जरा चिडतो. पण पुढच्या जूनमध्ये त्याचंच पोरगं वेळेवर शाळेत बसलेलं असतं, इन्शाअल्लाह.