सिल्वासातून ऑनलाइन दुकान : पहिल्या पार्सलाआधीचा हिशेब

आपल्या मंडळातील कितीतरी घरांत विकण्याजोगे काही ना काही तयार होते. कुणाची भाजणीची चकली, कुणाचे मेतकूट आणि मसाले, तर कुणाच्या हातची भरतकाम केलेली पिशवी. दिवाळीच्या सुमारास ओळखीपाळखीतून मागणी येते आणि मग घरात विषय निघतो : हेच ऑनलाइन विकले तर?

विचार चांगलाच आहे. मोबाइलवर दुकान मांडायला आता एक दिवसही पुरतो. पण दुकान चालणे वेगळे आणि त्यातून पैसे उरणे वेगळे. विक्री वाढत जाते आणि घरची शिल्लक मात्र कमी होते, असेही घडू शकते. म्हणून साठवलेले पैसे गुंतवण्याआधी एका पार्सलाचा हिशेब कागदावर मांडावा.

एका पार्सलात काय उरते?

उदाहरणासाठी अर्धा किलो चकली घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील. किंमत 300 रुपये आणि त्यावर जीएसटी वेगळा. कर सरकारचा, तो आपल्या कमाईत धरायचा नाही.

साहित्य आणि गॅस 120 रुपये, पाकीट व खोका 30, कुरियर 80, ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचा खर्च 7. एकूण 237. उरले 63 रुपये.

हे 63 बरे वाटतात. आता दहापैकी एका पार्सलात चकलीचा चुरा झाला आणि 300 रुपये परत द्यावे लागले असे धरा. दहा पार्सलांचे 630 रुपये उरायचे, ते 330 उरले. म्हणजे प्रत्येकी 33. आणि सोऱ्या फिरवणाऱ्या हातांची मजुरी? ती अर्ध्या किलोला 30 रुपये धरली, तर नफा उरतो 3 रुपये.

घरच्या बाईची मेहनत हिशेबात न धरण्याची आपल्याकडे सवयच आहे. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणाऱ्या भगिनींना किलोमागे लाटण्याची मजुरी मिळते. मजुरी आधी वजा करावी आणि नंतर जे उरेल त्यालाच नफा म्हणावे.

कुरियरचे वजन

चकली हलकी, पण जागा खाणारी. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल त्यावर दर लावतात. साधारण पद्धत अशी : खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि 5000 ने भागायचे. 25 × 20 × 10 चा खोका असेल तर आत अर्धा किलो माल असूनही आकार 1 किलोचा लागतो.

याच कारणाने एकेक पाकीट विकण्यापेक्षा संच विकणे शहाणपणाचे. तीच तीन पाकिटे एका खोक्यात 900 रुपयांना दिली, तर साहित्य 360, मजुरी 90, खोका 45, कुरियर समजा 140 आणि पैसे स्वीकारण्याचा खर्च 22. उरले 243. दहातला एक खोका बुडाला असे धरले तरी प्रत्येकी सुमारे 153 रुपये हाती राहतात. माल तिप्पट, पण नफा 3 वरून 153 वर गेला. हा फरक केवळ मांडणीचा आहे.

वापी जवळ, पण परराज्यात

आता खास आपल्या गावाची गोष्ट. 26 जानेवारी 2020 पासून दादरा नगर हवेली आणि दमण दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. त्यामुळे दमणला पाठवलेला माल आपल्याच प्रदेशातला, तर वाटेत लागणाऱ्या वापीला पाठवलेला माल परराज्यातला. तलासरी, डहाणू, पुणे ही गावेही परराज्यातच.

हे महत्त्वाचे अशासाठी की, वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून मिळणारी सूट प्रदेशाबाहेर करपात्र माल पाठवणाऱ्याला सर्वसाधारणपणे मिळत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून बाजार-संकेतस्थळांवरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना दिलेली सवलतही आपल्या प्रदेशातल्या विक्रीपुरतीच आहे. यादीतल्या काही हस्तकला वस्तूंसाठी वेगळी सूट आहे. ती तुमच्या वस्तूला आणि विक्रीच्या पद्धतीला लागू होते का, हे कर सल्लागाराला विचारा. कंपोझिशन योजना सोपी वाटते, पण तिच्यात परराज्यात विक्री करता येत नाही. थोडक्यात, पुण्या-मुंबईचे ग्राहक हवे असतील तर नोंदणी आणि विवरणपत्रांचा खर्च पहिल्या महिन्यापासून धरा.

खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर हवा. सोबत निव्वळ वजन, किंमत, घटक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे आणि आपला पत्ता.

दुकान कुठे मांडावे?

मोठ्या बाजार-संकेतस्थळावर ग्राहक आयते मिळतात. त्या बदल्यात कमिशन जाते, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि पैसे काही दिवसांनी हाती येतात. स्वतःच्या संकेतस्थळावर कमिशन वाचते, पण ग्राहक आपणच आणावा लागतो आणि जाहिरातीचा खर्च त्याच पार्सलावर बसतो. सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरची वस्तूंची यादी आणि यूपीआय एवढे पुरते. ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सोय मात्र जपून द्या. ग्राहकाने दारातूनच पार्सल परत पाठवले तर जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही भाडे आपल्या माथी.

सुरुवात अशी करा

नागपूर, कोल्हापूर, पुणे, बडोदा अशा ठिकाणच्या नातेवाइकांना दहा खोके पाठवा. किती दिवसांत पोचले, काय फुटले, कुरियरने किती वजन लावले, सगळे वहीत लिहा. व्यवसायासाठी बँकेत वेगळे खाते उघडा, म्हणजे घरखर्च आणि दुकान यांची सरमिसळ होणार नाही. दहा खोक्यांनंतर मजुरी धरूनही पैसे उरत असतील तर पुढचे शंभर खोके मागवा. उरत नसतील तर संच, खोका किंवा किंमत बदला आणि पुन्हा दहा पाठवून पाहा. दिवाळीच्या गर्दीत हे प्रयोग जमत नाहीत. ते श्रावणातच उरकून घ्यावेत.