हस्तलिखिताची पारख



मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेला पौषात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. तिथल्या बैलबाजारात जाणता शेतकरी काय करतो? बैलाचे दात पाहतो, पाठीवर हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. नको असला तर लगेच पुढच्या दावणीकडे वळतो. घ्यायचा म्हटला, की मात्र दुपार होते. कारण आता कनवटीचे पैसे सुटणार असतात.

प्रकाशकाचेही तसेच आहे. समजा, शहापूरकडचे एखादे गुरुजी वर्षभर खपून कादंबरी लिहितात आणि मुंबईला पाठवतात. पंधरा दिवसांत ती परत आली, की म्हणतात, "अहो, वाचलीच नाही त्यांनी!" पुष्कळदा ते खरेही असते. पण भाषा लेखकाची स्वतःची आहे की उसनी, हे दहा पानांत कळते. आणि प्रकाशक केवळ शालेय पुस्तके काढणारा असला, तर पहिले पानही पुरते.

होकाराला वेळ लागतो. जाणकाराचा अभिप्राय घ्यायचा, सोळा पानांचा एक फॉर्म या हिशेबाने पाने मोजायची, कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च धरायचा, प्रती किती खपतील याचा अदमास घ्यायचा. यात महिने जातात. म्हणून झटपट नकार म्हणजे अपमान नव्हे, आणि लांबलेले मौन म्हणजे नकारच, असेही नव्हे.

क्वचित होकारही चटकन येतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या वारल्या. त्यांच्या कवितांची वही चिरंजीव सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालेदेखील. सोपानदेव स्वतः कवी, म्हणून दार लवकर उघडले, हे खरे. पण आत टिकली ती बहिणाबाईंची वाणी.

'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडले. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला पत्र लिहून कथेत उणे काय ते कळवीत. असे पत्र आले, तर तो नकार समजू नका; ती शिकवणी आहे.

तेव्हा गुरुजी, पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची दोन-चार पुस्तके वाचा. पहिली दहा पाने शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा; तो जांभई कुठे देतो, तिथे खूण करा. एक प्रत जवळ ठेवा. तीन महिन्यांनी विचारणा करा, आणि तोवर दुसरे लिहायला घ्या. एका बाजारातून परत आलेला बैल काही कुचकामी ठरत नाही. दुसऱ्या बाजारी त्याला गिऱ्हाईक भेटते.