संकेतस्थळाची प्रणाली निवडा पारखून

कोल्हापूर - गूळ असो वा २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल, व्यवसायासाठी संकेतस्थळ उभारताना पहिला प्रश्न येतो तो 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम' अर्थात 'सीएमएस'चा. प्रोग्रॅमिंग न जाणताही मजकूर आणि छायाचित्रे बदलण्याची सोय ही प्रणाली देते.

ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जुमला (२००५) या तिन्ही मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य आहेत. खर्च होतो तो डोमेन, होस्टिंग आणि देखभालीवर. मोजक्या पानांसाठी वर्डप्रेस सुलभ ठरते. माहितीचा पसारा मोठा असेल तर ड्रुपल सरस; मात्र त्यासाठी जाणकार हवा. देखभालही टळत नाही. ड्रुपल ७ या आवृत्तीचे अधिकृत साहाय्य जानेवारी २०२५ मध्ये संपले आणि ती वापरणाऱ्यांना स्थलांतराचा विचार करावा लागला.

दुसऱ्याच्या जागेवर थाटलेले दुकान कधीही उठू शकते. 'जिओसिटीज' ही मोफत सेवा २००९ मध्ये बंद होताच असंख्य पाने नाहीशी झाली. म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे, सर्व मजकूर बाहेर काढता येतो का हे पाहावे आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. जुन्या फाँटमधील मजकूर नव्या प्रणालीत निरर्थक अक्षरे बनून उतरतो.